ठोकळ्याला फुप्फुसे नसतात

किरणोपचाराच्या खोलीत रुग्णाच्या आधी त्याच्या जागी एक ठोकळा झोपतो. आम्हा वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या बोलण्यात त्याला फँटम म्हणतात. पाण्यासारखी घनता असलेल्या प्लास्टिकच्या पाट्या एकमेकींवर रचून तो तयार होतो आणि त्याच्या पोटात किरणांची मात्रा मोजणारे आयन चेंबर किंवा बारीक संवेदकांची जाळी बसवलेली असते. दिवसाचा शेवटचा रुग्ण गेल्यावर, ज्याचे उपचार दुसऱ्या दिवशी सुरू व्हायचे आहेत त्याचा प्लॅन आम्ही या ठोकळ्यावर जसाच्या तसा चालवतो. लिनॅकचे, म्हणजे किरण सोडणाऱ्या यंत्राचे, अवजड शीर तेवढ्याच अंशांतून फिरते, किरणांना आकार देणाऱ्या टंगस्टनच्या पात्या ठरलेल्या क्षणी ठरलेल्या जागी सरकतात, यंत्राने किती किरण सोडले ते मोजणाऱ्या मॉनिटर युनिटांचा आकडा तितकाच चढतो. मग ठोकळ्यात मोजली गेलेली मात्रा आणि संगणकाने त्याच ठोकळ्यासाठी वर्तवलेली मात्रा शेजारी शेजारी ठेवून पाहिली जाते. मात्रेत ३ टक्के आणि जागेत २ मिलिमीटर एवढ्या मोकळिकीत निदान ९५ टक्के बिंदू जुळले, की प्लॅन उत्तीर्ण होतो.

ही तपासणी मी कित्येक वर्षे केली आहे आणि आजही करते. एखादी पाती अडखळत असेल, एका संगणकावरून दुसऱ्यावर जाताना आकडे बिघडले असतील, प्लॅनने यंत्राकडून त्याला न पेलणारी हालचाल मागितली असेल, तर ते इथे उघडकीला येते. मात्र ठोकळ्याला फुप्फुसे नसतात. त्याला बरगड्या नसतात, श्वासनलिकेतली हवा नसते, खुब्यात बसवलेला धातूचा सांधा नसतो. यंत्राने सांगितलेले काम केले की नाही, एवढेच तो सांगू शकतो. ते काम या माणसाच्या शरीरात काय घडवील, हे त्याला विचारून उपयोग नाही. हा भेद मला पुस्तकातून माहीत होता. तो मनावर ठसला एका फुप्फुसाच्या गाठीमुळे.

गाठ लहान होती, जेमतेम २ सेंटिमीटरची, आणि चहूबाजूंनी फुप्फुसाने वेढलेली. ५ सत्रांत ५० ग्रे द्यायचे ठरले होते; ग्रे हे मात्रेचे एकक. प्लॅन देखणा झाला होता. ठोकळ्यावर तो ९९ टक्के बिंदूंनी उत्तीर्ण झाला. मात्रेचा स्वतंत्र हिशेब करणारी दुसरी संगणकप्रणाली आमच्याकडे होती. तिचा आणि मूळ हिशेबाचा फरक १ टक्क्याच्याही आत होता. त्या दिवसांत मी एकेका कणाचा माग काढून मात्रा मोजणारे माँटे कार्लो सिम्युलेशन नव्याने बसवत होते आणि चाचणीसाठी हाताशी आलेला प्रत्येक प्लॅन त्यावर चालवून पाहत होते. या प्लॅनचे उत्तर आले, तेव्हा गाठीच्या मध्यावरची मात्रा जवळपास जुळत होती, पण गाठीच्या कडेवर ती प्लॅनपेक्षा ८ टक्क्यांनी कमी होती. कर्करोगाच्या गाठीची कड ही तिची सर्वांत सजीव जागा असते. तिथेच मात्रा कमी पडत होती, आणि दोन तपासण्यांनी त्या प्लॅनला निर्धास्तपणे मान्यता दिली होती.

असे का झाले, हे समजून घ्यायचे तर मात्रा पोहोचते कशी, हे पाहावे लागते. लिनॅकमधून निघालेला फोटॉन, म्हणजे किरणांचा कण, स्वतः फारशी ऊर्जा ठेवून जात नाही. तो एखाद्या इलेक्ट्रॉनला धक्का देतो, आणि तो इलेक्ट्रॉन आपल्या वाटेवर थोडी थोडी ऊर्जा सांडत जातो. पेशींना जी मात्रा मिळते ती या सांडण्यातून. २ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा इलेक्ट्रॉन पाण्यात सुमारे १ सेंटिमीटर जाऊन थांबतो. फुप्फुसाची घनता पाण्याच्या साधारण पाव पट असते, म्हणून तिथे तोच इलेक्ट्रॉन सुमारे ४ सेंटिमीटर दूर जातो. किरणांची शलाका अरुंद असेल, तर असे असंख्य इलेक्ट्रॉन शलाकेच्या बाहेर निसटतात आणि जिथे आपण त्यांचा हिशेब धरला होता तिथे पोहोचतच नाहीत. जुन्या, वेगवान गणनापद्धती शलाकेच्या दिशेने घनता कमी झाल्याची दखल घेतात, परंतु आडवे निसटणारे इलेक्ट्रॉन जणू पाण्यातूनच जात आहेत असे मानतात. आमची मूळ प्रणाली हेच मानत होती, दुसरी प्रणालीही हेच मानत होती. त्यांचे उत्तर जुळले, यात नवल नव्हते. एकाच पुस्तकातून शिकलेल्या दोघांना तोच प्रश्न विचारावा, तसे ते होते. आणि ठोकळ्याला तर हा प्रश्नच पडला नव्हता, कारण त्याच्या आत सगळीकडे पाणीच होते.

माँटे कार्लो पद्धतीत असे काही मानावे लागत नाही, किंवा फारच थोडे मानावे लागते. तिथे एकेक फोटॉन जन्माला घालून त्याचा मागोवा घेतला जातो. तो किती अंतर जाईल, हे यादृच्छिक संख्येवरून ठरते. ही संख्या निसर्गाचे नियम पाळूनच वापरली जाते, म्हणजे पाण्यात २ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टचे असंख्य फोटॉन सोडले तर त्यांची सरासरी वाट सुमारे २० सेंटिमीटर भरते. तो जिथे अडला तिथे काय घडले, इलेक्ट्रॉनला धडकून दिशा बदलली, स्वतः शोषला गेला, की पुरेशी ऊर्जा असल्याने इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनची जोडी निर्माण करून संपला, हेही फासे टाकूनच ठरवायचे. प्रत्येक घटनेची शक्यता अनेक दशकांच्या मोजमापांतून आणि सिद्धांतातून ठाऊक झालेली आहे. मग सुटलेल्या इलेक्ट्रॉनचा पाठपुरावा करायचा, त्याने ऊर्जा कुठे कुठे सांडली त्याची नोंद करायची, तो थांबला की पुढचा फोटॉन घ्यायचा. असे कोट्यवधी वेळा. मला या पद्धतीत एक प्रकारचा विनय दिसतो. आधीच ठाऊक असलेल्या आकाराच्या मात्रा शरीरावर पसरवून टाकण्याऐवजी ती प्रत्येक कणाला विचारते की तुझे काय झाले.

या पद्धतीचा जन्म आजारपणात झाला, ही गोष्ट मला नेहमी हलवून जाते. १९४६ मध्ये स्टॅनिस्लाव उलाम हे गणितज्ञ मेंदूच्या दुखण्यातून सावरत होते आणि वेळ घालवण्यासाठी एकट्याने खेळायचा पत्त्यांचा डाव मांडत होते. डाव सुटण्याची शक्यता किती, हे गणिताने काढायला त्यांनी बरीच खटपट केली. मग त्यांच्या मनात आले की शंभर डाव प्रत्यक्ष खेळावेत आणि किती सुटले ते मोजावेत, हे अधिक सोपे नाही का? गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांच्याशी बोलता बोलता हाच विचार अणुकेंद्रातून सुटणाऱ्या न्यूट्रॉनांच्या वाटचालीकडे वळला आणि एनिऍक या आरंभीच्या इलेक्ट्रॉनिक संगणकावर तो चालवून पाहिला गेला. उलाम यांचे एक काका नातेवाइकांकडून पैसे उसने घेऊन माँटे कार्लोच्या जुगारघरात जात असत. त्यांच्यावरून उलाम यांचे सहकारी निकोलस मेट्रोपोलिस यांनी नाव सुचवले, आणि १९४९ मध्ये उलाम व मेट्रोपोलिस यांचा निबंध त्याच नावाने प्रसिद्ध झाला. अणुबॉम्बच्या सावलीत वाढलेली ही विद्या पुढे रुग्णाच्या शय्येपर्यंत यायला जवळजवळ अर्धे शतक लागले. मधला मोठा अडसर इलेक्ट्रॉनचा होता, कारण एकेका इलेक्ट्रॉनच्या वाट्याला थांबेपर्यंत लाखो बारीक टकरी येतात. १९६३ मध्ये मार्टिन बर्जर यांनी अशा पुष्कळ टकरी एका पावलात गुंफण्याची रीत सांगितली, तेव्हा कुठे हे काम माणसाच्या आयुष्यात पुरे होण्याजोगे झाले. १९९५ मध्ये कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमधील मंडळींनी लिनॅकचे अख्खे शीर संगणकात उभे करणारा बीम हा प्रोग्राम प्रसिद्ध केला, आणि आमच्या पिढीला आयता रस्ता मिळाला.

शीर संगणकात उभे करणे, हे लिहायला एक वाक्य आहे. करायला मला सात महिने लागले. टंगस्टनचे लक्ष्य, किरणांना वाट आखून देणारा प्राथमिक कोलिमेटर, शलाका सपाट करणारा शंकू, आयन चेंबर, शलाकेची हद्द ठरवणारे धातूचे जबडे आणि पात्या या साऱ्यांची मापे आणि धातू यंत्राच्या आराखड्यांवरून घ्यावे लागतात. लक्ष्यावर आदळणाऱ्या इलेक्ट्रॉनांची नेमकी ऊर्जा आणि त्यांच्या ठिपक्याची रुंदी मात्र कुणीच लिहून देत नाही. ती अंदाजाने धरायची, पाण्याच्या टाकीतल्या मोजमापांशी ताडून पाहायची, आणि पुन्हा बदलायची. ठिपक्याची रुंदी १ मिलिमीटर धरली की दीड, याने लहान शलाकेची कड बदलते. ज्या दिवशी खोलीनुसार उतरत जाणारी मात्रेची रेषा टाकीतल्या मोजमापावर सगळीकडे अर्ध्या टक्क्यात बसली, त्या दिवशी मी बराच वेळ ती नुसती पाहत राहिले. लाखो खोट्या फोटॉनांनी खऱ्या पाण्याची रेषा काढली होती.

सिम्युलेशनचे उत्तर एका बाबतीत इतर सगळ्या उत्तरांहून वेगळे असते: ते स्वतःच्या शंकेसह येते. प्रत्येक बिंदूच्या मात्रेसोबत तिची सांख्यिकीय अनिश्चितता छापलेली असते, कारण ती मोजदादीतून आलेली असते आणि मोजदाद कधीच पुरी होत नाही. प्रत्यक्षात २ ग्रे देण्यासाठी शलाकेच्या दर चौरस सेंटिमीटरमधून शंभर अब्जांहून अधिक फोटॉन जातात. आपण त्यांतल्या अगदी थोड्यांचे नशीब पाहून सगळ्यांविषयी बोलत असतो. अनिश्चितता २ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आणायची तर चौपट कण लागतात, अर्ध्या टक्क्यावर आणायची तर सोळापट. मी शिकत होते तेव्हा एका प्लॅनसाठी संगणकांचा ताफा रात्रभर घरघरत असे. आता ग्राफिक्स कार्डांवर तेच काम काही मिनिटांत होते. वेग वाढल्याने ही पद्धत रोजच्या वापरात आली, हे चांगलेच झाले. तरीही रात्रभर वाट पाहताना त्या शंकेच्या आकड्याशी जी ओळख व्हायची, ती आता नव्या मुलांना मुद्दाम करून द्यावी लागते.

कारण तो आकडा जेवढे सांगतो तेवढेच सांगतो. सुरुवातीच्या काळात माझ्या सिम्युलेशनमध्ये बरेचसे प्लॅन मूळ हिशेबापेक्षा सुमारे २ टक्के जास्त मात्रा दाखवू लागले. अनिश्चितता अर्ध्या टक्क्याची होती, म्हणजे हा योगायोग नव्हता. मूळ प्रणालीतच काहीतरी चुकते आहे, असे मी धरून चालले आणि दोन आठवडे तिच्या मागे लागले. शेवटी ध्यानात आले की फरक फक्त त्या प्लॅनमध्ये आहे ज्यांत शलाका रुग्णाच्या पाठीकडून येते. रुग्ण ज्यावर झोपतो त्या कार्बन फायबरच्या टेबलातून जाताना शलाका थोडी क्षीण होते. मूळ प्लॅनमध्ये टेबल धरलेले होते. मी शरीराच्या रेषेबाहेरचे सगळे हवा म्हणून पुसून टाकले होते. माझे कोट्यवधी फोटॉन अत्यंत काटेकोरपणे एका अधांतरी तरंगणाऱ्या माणसातून गेले होते. त्या चुकीने कुणाला इजा झाली नाही, कारण सिम्युलेशन तेव्हा फक्त चाचणीत होते, पण जिने मला फुप्फुसातली उणीव दाखवली त्याच पद्धतीवर मी डोळे मिटून विसंबू लागले होते, हे मला त्या दिवशी कळले.

इतिहासातही हेच पुन्हा पुन्हा दिसते. इंग्लंडमधील नॉर्थ स्टॅफर्डशायरमध्ये १९८२ मध्ये प्लॅनिंगसाठी संगणक आला. यंत्र आणि रुग्ण यांच्यातल्या अंतरामुळे करावी लागणारी दुरुस्ती तो स्वतःच करत होता, पण आधी हाताने होणारी तीच दुरुस्ती पुढेही चालू राहिली. दुरुस्ती दोनदा होत असल्याने १९९१ पर्यंत हजारावर रुग्णांना ठरल्यापेक्षा ५ ते ३० टक्के कमी मात्रा मिळत गेली. ही चूक उघडकीला आली ती नवी प्लॅनिंग प्रणाली बसवताना, म्हणजे वेगळ्या वाटेने केलेला हिशेब पहिल्यांदाच शेजारी येऊन उभा राहिला तेव्हा. ही नऊ वर्षे माझ्या मनातून जात नाहीत. कमी मात्रा मिळालेल्या रुग्णाला काहीच होत नाही. त्वचा भाजत नाही, तक्रार येत नाही. त्याची गाठ पुढे परतली, तर दोष रोगाच्या माथी जातो. २ ग्रे मात्रेने शरीराचे तापमान अंशाच्या दोन हजाराव्या भागाएवढेच वाढते. जी गोष्ट टेबलावरच्या माणसाला जाणवूच शकत नाही, तिच्याविषयी बोलण्याची सगळी जबाबदारी हिशेब करणाऱ्यांवर येऊन पडते.

आणि सिम्युलेशनला दिसणार नाहीत अशाही चुका आहेत. १९८८ मध्ये इंग्लंडमधील एक्सिटर येथे कोबाल्ट यंत्राचा नवा स्रोत बसवताना त्याच्या तीव्रतेचे मोजमाप चुकले आणि २०७ रुग्णांना सुमारे २५ टक्के जास्त मात्रा गेली. अशा वेळी जगातले उत्तमातले उत्तम सिम्युलेशनही प्लॅनशी तंतोतंत जुळले असते. सिम्युलेशन सांगते ती मात्रा दर सोडलेल्या कणामागे असते. तिचे मॉनिटर युनिटाशी नाते जोडायचे तर कुणीतरी खऱ्या पाण्यात, १० सेंटिमीटर खोलीवर, खरे चेंबर धरून मोजलेलेच असावे लागते. म्हणून ठोकळा आणि पाण्याची टाकी यांना निवृत्त करा म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. ठोकळ्याला यंत्र कळते, सिम्युलेशनला शरीर कळते, आणि पाण्याच्या टाकीला ग्रे म्हणजे काय ते कळते. या तिघांत जेवढे कमी साम्य, तेवढा मला त्यांच्या एकमताचा भरवसा वाटतो.

फुप्फुसाच्या त्या गाठीकडे परत येते. कडेवर ८ टक्के कमी, हे मी डॉक्टर मॅडमना दाखवले, तेव्हा मला वाटले होते की त्या लगेच मात्रा वाढवायला सांगतील. त्यांनी आलेख बराच वेळ पाहिला आणि विचारले, "पण आम्ही ज्या मात्रांनी रुग्ण बरे झालेले पाहिले, त्या तुमच्या कोणत्या हिशेबातल्या होत्या?" या प्रश्नाला माझ्याजवळ तयार उत्तर नव्हते. लहान फुप्फुसगाठींच्या उपचारांची एक पायाभूत चाचणी ३ सत्रांत ६० ग्रे देऊन झाली होती, आणि त्या हिशेबात फुप्फुसाच्या विरळपणाची दुरुस्तीच धरलेली नव्हती. दुरुस्ती धरून पाहिल्यावर तीच मात्रा ५४ ग्रेच्या आसपास ठरली. म्हणजे डॉक्टरांच्या अनुभवातले ६० आणि पेशींना खरोखर मिळालेले ५४ ही एकाच उपचाराची दोन नावे होती. हिशेब अचूक झाला म्हणून आकडा आंधळेपणाने वर ढकलला, तर ज्या अनुभवावर तो आकडा उभा आहे त्यालाच आपण सोडून देतो. त्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून गाठीच्या कडेवर नेमकी किती मात्रा हवी हे नव्याने लिहिले, शलाकेची हद्द किंचित रुंद केली, आणि नवा प्लॅन आधी सिम्युलेशनवर आणि मग ठोकळ्यावर चालवला. मात्रेच्या देण्यात ५ टक्क्यांची अचूकता असावी, असे १९७६ पासून आंतरराष्ट्रीय शिफारशीत लिहिलेले आहे. ते ५ टक्के कुठल्या बिंदूवर धरायचे, याचा असा विचार मी तोवर केला नव्हता.

हाडाच्या बाबतीत एक निराळाच पेच असतो. सिम्युलेशन हाडाला हाड मानून मात्रा देते, जुना हिशेब हाडाला दाट पाणी मानतो, आणि दोघांत काही टक्क्यांचा फरक पडतो. यात कुणी चुकलेले नसते; दोघांचे प्रश्न वेगळे असतात. यावर बरेच वाद झाले आहेत. मी अहवालात नेहमी कोणती मात्रा छापली आहे ते शब्दांत लिहिते आणि पुढे जाते.

आज रात्री मात्र माझ्यासमोर असलेला प्लॅन मला पुढे जाऊ देत नाही. रुग्णाच्या जबड्यालगत गाठ आहे आणि खालच्या दाढेवर धातूची कॅप आहे. सीटीच्या चित्रात त्या कॅपमधून पांढऱ्या काळ्या रेघा किरणांसारख्या फुटल्या आहेत, आणि त्या रेघांखालचे आकडे खोटे आहेत. मूळ प्लॅनमध्ये नेहमीच्या रिवाजाप्रमाणे त्या भागाला पाण्याची घनता दिली आहे. ठोकळ्यावर तो सहज उत्तीर्ण झाला. सिम्युलेशनमध्ये मी पाण्याच्या जागी कॅप धातूचीच ठेवली, तेव्हा धातूवरून मागे उसळणाऱ्या इलेक्ट्रॉनांमुळे गालाच्या आतल्या अस्तरावर मात्रा एकदम चढलेली दिसते. हा पट्टा अवघा काही मिलिमीटरचा आहे. दात आणि गाल यांच्यामध्ये काही मिलिमीटर जाडीचा संरक्षक साचा बसवला, तर ते इलेक्ट्रॉन त्यातच संपतील आणि अस्तर वाचेल. पण मात्रा किती चढते, हे धातूवर अवलंबून आहे. सोन्याचा मिश्रधातू धरून एकदा आणि क्रोमियम व कोबाल्टचा धरून एकदा, असे मी दोनदा सिम्युलेशन चालवले. दोन्हींत अनिश्चितता १ टक्क्याच्या आत आहे, आणि दोन्हींची उत्तरे एकमेकांपासून दूर आहेत. सीटीला यांतला फरक सांगता येत नाही, कारण एवढ्या दाट धातूपुढे तिचे आकडे कमाल मर्यादेलाच टेकतात.

प्लॅनवर सही करण्याची जागा मी रिकामी ठेवली आहे. उपचार परवा सुरू व्हायचे आहेत. सकाळी सर्वांत आधी रुग्णाच्या दंतवैद्यांना फोन करून ती कॅप कशाची आहे, ते विचारायचे आहे.